मदत हवी आहे: विमानाशेजारच्या इलेक्ट्रिक बेल्ट लोडरमधून धूर आला तर आधी काय करायचं?

आमच्या रॅम्पवर (विमानं उभी राहतात ती जागा) डिझेलचे बेल्ट लोडर (पट्ट्यावरून विमानात सामान चढवणाऱ्या गाड्या) जाऊन लिथियम-आयन बॅटरीचे आलेत, पण आगीची एसओपी (ठरलेली कार्यपद्धती) अजून डिझेलच्याच हिशेबाने लिहिलेली आहे. स्टँडवर आग विझवायला डीसीपी (कोरडी रासायनिक पावडर) आणि सीओटूच्या ट्रॉल्या आहेत. डीसीपीने ज्वाळा दबतात, पण बॅटरीचे सेल थंड होत नाहीत, आग पुन्हा भडकू शकते. शिवाय ती पावडर विमानाच्या इंजिनात किंवा सांध्यांत शिरली की गंजाची भीती. भरपूर पाणी फायर टेंडर आल्यावरच मिळणार.

उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये 'इमर्जन्सी स्टॉप दाबा, दूर व्हा' एवढंच आहे. पण ए३२० किंवा ७३७ असेल तर कार्गो दरवाजे उजवीकडे आणि इंधनही सहसा उजव्याच पंखाखालून. पट्टा दरवाज्याशी लावलेला, वर प्रवासी चढताहेत. लोडर तिथेच जळत सोडायचा? हे मनाला पटत नाही. आणि आमच्या लोडरचा स्टॉप दाबला की ब्रेक लागतात, मग ओढणार कसा?

फायर सर्व्हिसला कळवणं, इंधन थांबवणं, कॅप्टनला सांगणं हे यादीत आहेच, त्यापुढचं अडलंय. नवीन उपकरणांची खरेदी सध्या शक्य नाही.

ज्यांच्याकडे असे लोडर आहेत त्यांनी कृपया सांगावं: धूर दिसताच लोडर टो करून बाजूला काढता का, की माणसं हलवून त्याला हातच लावत नाही? बाजूला काढत असाल तर ब्रेक कसे सोडवता, आणि कुठल्या टप्प्यानंतर जवळ जायचं नाही असं ठरवलंय?