अर्नाऊत: शिलेदार, गारदी की पेंढारी?

मैत्रेयी_क: जेरोम या फ्रेंच चित्रकारावरच्या मजकुराचं भाषांतर करतेय. त्याच्या कैरोतल्या चित्रांच्या शीर्षकांत जागोजागी 'अर्नाऊत'. संपादक म्हणतात, 'अल्बेनियन सैनिक' लिहा. पण पांढरा चुण्यांचा घेर, कमरेला यातागान (तुर्की तलवार) आणि निवांत चिलीम ओढणारा हा गडी 'सैनिक' म्हटला की कवायतीला निघालेला वाटतो. दुसरा शब्द?

ढाल_तलवार: शिलेदार. हत्यारं स्वतःची.

नाना_फडताळ: शिलेदाराचा घोडाही स्वतःचा असतो हो. हे बहुतेक पायीच. एक तर कुत्र्याच्या नाकावर धूर सोडत बसलाय. गारदी म्हणा: पायदळ, पगारी, परमुलखातला.

सई०७: गारदी म्हटलं की १७७३, शनिवारवाडा, 'काका मला वाचवा'. कैरोत नारायणराव कुठून आणणार?

शुद्धमती: गारदी मुळात 'गार्ड'वरून. भाडोत्री हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

नाना_फडताळ: मग 'शिपाई'ही टाकून द्या, तो फारसी.

काहिरा_प्रेमी: नुसते भाडोत्री नव्हेत. मुहम्मद अली १८०१ मध्ये अल्बेनियन तुकडीबरोबरच इजिप्तमध्ये आला आणि १८०५ मध्ये वाली, म्हणजे तुर्की सुलतानाचा सुभेदार, झाला. जेरोम १८५६ मध्ये तिथे पोचला तेव्हा त्याचंच घराणं गादीवर होतं.

वसईकर: अर्नाळ्याशी काही संबंध?

काहिरा_प्रेमी: नाही. तुर्की 'अर्नावुत', म्हणजे अल्बेनियन. ते स्वतःला श्किपतार म्हणतात.

ढाल_तलवार: जेरोमचाच 'बाशी-बोझुक' आहे ना? बाश म्हणजे डोकं, बोझुक म्हणजे बिघडलेलं. बिनपगारी, लुटीवर जगणारे. म्हणजे पेंढारीच! आजोबा आमच्या क्रिकेट टीमला बाजारबुणगे म्हणायचे, तेही चालेल.

सई०७: बुणगे लढत नसत. आणि तो पेंढारी गुलाबी रेशमात! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं चित्र नीट बघा. १८६८ च्या प्रवासातून आणलेली कापडं पॅरिसच्या स्टुडिओत मॉडेलच्या अंगावर चढवलीत. हा कसला सैनिक? रेशमाची सळसळ दाखवायला उभा केलेला माणूस.

शुद्धमती: म्हणून शब्द फ्रेंचांचा ठेवायचा?

सई०७: तुर्कांचा. वाचलंत का वर?

मैत्रेयी_क: 'अर्नाऊत'च ठेवून संपादकांना पाठवतेय. आता त्या पांढऱ्या चुण्यांच्या घेराला, फुस्तानेलाला, काय म्हणू? घागरा नको, लोक हसतील.

नाना_फडताळ: जामा.

वसईकर: जाम्याला बाह्या असतात, नाना.