गॅस भरण्याआधी तेलाचा डाग शोधा
गाडीच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरायचा आणि दिवाळीपर्यंत गार हवा गायब, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे गळती आहेच. एसीचा गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही.

टॉर्च घेऊन बॉनेट उघडा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) तेलही झिरपतं, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ चिकटून ओशट, काळपट डाग पडतो. पाइपचे जोड आणि कंडेन्सरचे (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीचे) कोपरे आधी बघा. मग इंजिन बंद ठेवून भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. माझ्या गाडीत मी सगळं पालथं घातलं आणि बुडबुडे आले ते गॅस भरायच्या व्हॉल्व्हच्या टोपणाखाली! आत स्कूटरच्या ट्यूबमध्ये असते तसली पिन, तीच सैल. टोपणाचं रबरही गेलेलं.

पण सिस्टिममध्ये गॅस असताना पिन किंवा जोड घरी उघडू नका. आर-१३४ए, म्हणजे एसीतला हा गॅस, अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यांचं तर विचारूच नका. गॅरेजमध्ये गॅस मशीनने काढून घ्या, ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) एसीचीच घ्या, तेल लावून बसवा, आणि व्हॅक्यूम केल्याशिवाय, म्हणजे आतली हवा पंपाने खेचून काढल्याशिवाय, गॅस भरू देऊ नका.