वाचकाने ओळखले आणि मी नाकारले

पायवाट यांचा प्रश्न

गेली चौदा वर्षे मी कथा लिहितो आहे. दोन संग्रह प्रसिद्ध झाले आहेत आणि दुसऱ्याच्या मलपृष्ठावर माझे छायाचित्र आहे, पण त्यावरून एखादी अनोळखी व्यक्ती मला ओळखेल असे कधी मनातही आले नव्हते. गेल्या आठवड्यात एका रुग्णालयात तपासणी विभागाबाहेर आईच्या अहवालाची वाट पाहत बसलो असताना पन्नाशीच्या एक बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. त्याआधी त्या दोनदा जवळ येऊन परत फिरल्या होत्या, हे मला नंतर आठवले. त्यांनी माझे पूर्ण नाव घेतले आणि "आपणच ना?" असे विचारले. माझ्या तोंडून "नाही, आपली काहीतरी गल्लत होते आहे" असे शब्द निघून गेले. त्या ओशाळल्या आणि माफी मागून समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. पाचच मिनिटांत खिडकीतून माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मला त्यांच्या समोरूनच उठून जावे लागले. त्यांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत राहिल्या. परत येताना तरी बोलायला हवे होते, पण माझे पाय थांबले नाहीत.

त्या दिवसापासून हा प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. मला त्यांचा राग आला नव्हता, मी घाईतही नव्हतो, तरी मी नाकारले. आपल्यापैकी जे लिहितात त्यांच्यावर अशी वेळ आली आहे का, आणि तेव्हा आपण काय केलेत? झाले ते आता भरून काढता येईल का?

जुनी दौत

आपण जे केलेत ते मीही एकदा केले आहे, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहिते.

गायकाला दाद त्याच क्षणी मिळते, नटाला प्रेक्षागृहातली शांतता ऐकू येते. आपले तसे नसते. आपण लिहितो एका खोलीत, वाचणारा वाचतो दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये कित्येक महिने, कधी वर्षे गेलेली असतात. आपले वाक्य कोणाला कुठे जाऊन लागले, हे पाहण्याची सवयच आपल्याला नसते. म्हणूनच वाचक समोर उभा राहिला की आनंद होण्याआधी आपण दचकतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 साली रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या कलावंतांविषयी प्रेक्षकांना वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीवर लिहिले होते. लेखकाच्या बाबतीत ही जवळीक आणखी खोल जाते असे मला वाटते, कारण वाचक आपले शब्द स्वतःच्या मनातल्या आवाजात ऐकत असतो. त्या बाई आपल्याला बरीच वर्षे ओळखत होत्या. आपण मात्र त्यांना पहिल्यांदाच पाहत होतात.

मी नाकारले त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका बाईंनी मला प्रवासात ओळखले. "तुम्ही त्या आत्याबाईंना मरू द्यायला नको होतं," हे त्यांचे पहिले वाक्य होते. कोणत्या आत्याबाई, हे आठवायलाच मला थोडा वेळ लागला, इतकी ती कादंबरी माझ्यापासून दूर गेली होती. काय उत्तर द्यावे ते न सुचल्यामुळे "तुम्ही ती कधी वाचलीत?" एवढेच मी विचारले. मग त्या बोलू लागल्या. यजमानांच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागताना दिव्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून पुस्तक एका कुशीकडे कलते धरून त्यांनी ती वाचली होती. ती धरण्याची पद्धत त्यांनी मला हातांनी करून दाखवली. तेव्हापासून कोणी भेटले की मी तोच प्रश्न विचारते. त्यानंतर आपल्याला फारसे बोलावेच लागत नाही, नुसते ऐकायचे असते.

समासातली नोंद

मी काही लिहीत नाही, फक्त वाचतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. माझ्या आवडत्या कवीला मी एकदा एका सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्यात ओळखले. काय बोलायचे ते तीन पायऱ्या चढेपर्यंत मनात घोकले होते, पण तोंडून कसेबसे "मी आपलं वाचलंय" एवढेच बाहेर पडले. ते थांबले आणि म्हणाले, "मी आत्ता घाईत आहे, पण तुम्ही थांबवलंत ते बरं वाटलं." सगळे मिळून अर्धे मिनिटही झाले नसेल, पण मला ते पुरले.

त्या बाई दोनदा मागे फिरल्या असे आपण लिहिले आहे. त्या दोन फेऱ्यांत त्यांनी किती धीर गोळा केला असेल, हे मला चांगले कळते. नावाचा पुकारा झाल्यावर त्यांना आपला राग आला असेल असे मला वाटत नाही. आपण चुकीच्या वेळी गेलो, याचेच त्यांना वाईट वाटले असेल. आपल्याला जे लागले आहे ते त्यांना कळायला हवे होते, एवढेच मनापासून वाटते.

आडवाट

माझे मत थोडे वेगळे आहे. पुस्तक दिले म्हणजे लेखकाने चेहराही दिला असे होत नाही. अमेरिकन लेखक जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी 1951 साली आली आणि तिच्या पुढच्या मुद्रणांत त्यांनी मलपृष्ठावरचे स्वतःचे छायाचित्र काढून टाकायला लावले. एलेना फेरांते हे टोपणनाव धारण केलेल्या इटालियन लेखिकेची पहिली कादंबरी 1992 साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून त्या वाचकांसमोर आलेल्या नाहीत. पुस्तक लिहिणारा 'मी' आणि चारचौघांत वावरणारा 'मी' हे वेगळे असतात, असे फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रुस्त यांनी आग्रहाने मांडले आहे. त्या बाकावर आपण आईचे मूल म्हणून बसला होतात, तेव्हा "तो मी नव्हे" असे तोंडून निघण्यात काही अंशी तथ्यही होते.

तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. "मी आत्ता बोलण्याच्या मनःस्थितीत नाही" असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता. गल्लत मात्र त्यांची झालेली नव्हती, आणि ती झाल्याचे आपण त्यांच्या माथी मारलेत. मला वाटते, आपल्याला टोचते आहे ते हेच.

मुद्रितशोधक

पुस्तकांच्या संपादनात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. त्या बाईंचा शोध घेण्यासाठी रुग्णालयात चौकशी करू नका आणि त्यांचे वर्णन कुठेही जाहीर करू नका. त्या तिथे का आल्या होत्या, ही त्यांची खासगी बाब आहे. आणि यापुढे कोणी भेटून स्वतःचे अप्रकाशित हस्तलिखित वाचायला देऊ केले, तर नम्रपणे नाही म्हणा, कारण पुढे कथाबीजे जुळली की चोरीचा आरोप येऊ शकतो. स्वाक्षरी मागितली, तर नाव कसे लिहितात ते आधी विचारून घ्या. चुकीचे नाव लिहिलेली प्रत माणसे परत करत नाहीत, पण ते त्यांना लागते.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. आडवाट, आपण नेमके बोट ठेवलेत. नाकारण्यापेक्षा त्यांना चूक ठरवले, हेच मला सलत होते आणि ते मला स्वतःला मांडता येत नव्हते.

मी त्यांचा शोध घेणार नाही. तीन आठवड्यांनी आईची तपासणी पुन्हा आहे, आणि त्याच खिडकीसमोर बसायचे आहे. त्या दिसल्या तर मी स्वतः उठून जाईन, "त्या दिवशी आपण बरोबर ओळखलं होतं" असे सांगेन आणि कोणती कथा वाचलीत ते विचारेन. त्यांना बोलायचे नसेल, तर तेही समजून घेईन. आईच्या कागदांच्या पिशवीत संग्रहाची एक प्रत आजच ठेवली आहे. पहिले पान कोरेच आहे, कारण त्यांचे नाव मला ठाऊक नाही.