अनुभव धागा: पिल्लू दोरी ओढतं, गळ्यात काय घालता?

खारूताई (पुणे)

बंड्या लॅब्रेडॉर आहे, साडेपाच महिन्यांचा. घरात अगदी शहाणा. फाटकाबाहेर पाऊल पडलं की पुढचे दोन पाय हवेत, गळ्यातून खर्र खर्र आवाज आणि मागे फरफटत मी. दुकानदार म्हणाला, चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) न्या, लॅबला काही होत नाही. ओळखीच्या एका ट्रेनरने आत काटे असलेला पट्टा दाखवला, स्वतःच्या दंडाला लावून "बघा, टोचतो का?" असंही विचारलं. बहिणीकडे बीगल आहे, ती म्हणते हार्नेसच, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारे पट्टे. नवऱ्याचं म्हणणं, गावाकडच्या कुत्र्याला सुतळी होती आणि त्याचं छान चाललं होतं. (ते कुत्रं दिवसभर मोकळंच असायचं, हे तो सांगत नाही.)

ज्यांची पिल्लं ओढायची आणि आता ओढत नाहीत, किंवा अजून ओढतात, त्यांनी लिहा. काय घातलं, माप कसं घेतलं, पावसाळ्यात काय झालं, काय फेकून दिलं. मतांपेक्षा "आमच्याकडे असं झालं" जास्त आवडेल. जाहिरात कृपया नको.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

आमची कारवानी आहे. या जातीचं डोकं निमुळतं, मान डोक्याहून जाड. साधा पट्टा कितीही बेताने बांधा, तिने मागे पाय रोवून मान खाली घातली की पट्टा कानांवरून सटकन बाहेर. बाहेर हायवे. त्यामुळे आमचा प्रश्न ओढण्याचा कमी, निसटण्याचा जास्त.

मार्टिंगेल घेतला. त्यात दोन फास असतात. मोठा मानेभोवती, छोटा त्याच्या टोकांच्या दोन कड्यांमधून ओवलेला, आणि दोरी छोट्याला लावायची. ताण आला की छोटा फास कड्यांना एकमेकींकडे ओढतो आणि पट्टा मानेच्या मापाइतका आवळून थांबतो, चोक चेनसारखा आवळतच जात नाही. घेताना एक बघा: पूर्ण ताणल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, मध्ये बोटभर-दोन बोटं जागा राहायला हवी. टेकल्या तर पट्टा मोठा आहे, निसटणारच. घरी आल्यावर काढून ठेवतो, कारण तो छोटा फास पलंगाच्या कोपऱ्यात, जाळीत, कशातही अडकतो.

ओढणं याने थांबलं का? नाही. पण दिवाळीत शेजारी सुतळी बॉम्ब लावला तेव्हा ती उलटी पळाली आणि पट्टा गळ्यातच राहिला. माझे पैसे तिथेच वसूल.

लसटोचक

मी पशुवैद्यक. खारूताई, त्या खर्र खर्र आवाजाबद्दल आधी. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल नसतात. पाठीकडच्या बाजूला त्या उघड्या असतात आणि तिथे नुसता पडदा असतो. पट्ट्याचा भार पुढून थेट श्वासनलिकेवर येतो. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींत या कड्या मुळात मऊ पडण्याची प्रवृत्ती असते. आजार पट्ट्यामुळे होतो असं नाही, पण असलेला पट्ट्याने चाळवतो आणि मग तो बदकासारखा खोकला सुरू होतो. बंड्या घरात, पट्टा नसतानाही खोकत असेल तर पट्ट्यांची चर्चा बाजूला ठेवून आधी दाखवून घ्या. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांमधला संसर्गजन्य खोकलाही असू शकतो.

दुसरं डोळ्यांचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना पट्ट्यावर आणि हार्नेसवर ओढायला लावून डोळ्यातला दाब मोजला होता. पट्ट्यावर तो लक्षणीय वाढला, हार्नेसवर नाही. पग आणि शित्झूवाल्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. त्यांचे डोळे खोबणीत आधीच उथळ बसलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या पगांना मी गळ्यात फक्त नाव-फोनची पाटी अडकवायला पट्टा सांगतो, दोरी हार्नेसला.

पासष्टी पार (सातारा)

चोक चेनची बाजू मांडायला कुणी उरलंय का? मी मांडतो. माझ्याकडे दोन जर्मन शेफर्ड झाले, दोघांनाही साखळीवर चालायला शिकवलं. कुत्रं डाव्या हाताला चालत असेल तर साखळी त्याच्यासमोर धरून इंग्रजी पी अक्षरासारखी दिसेल अशी डोक्यातून घालायची. उलटी घातली की ओढ सुटल्यावर सैल होत नाही, तशीच आवळलेली राहते, आणि उद्यानात दिसणाऱ्या निम्म्या साखळ्या उलट्याच असतात. झटका मनगटाचा, तोही क्षणभर, की लगेच सैल. सतत ताणून धरणं म्हणजे गळफास. दोघंही तेव्हा वर्षाच्या पुढचे होते. पिल्लाला साखळी घालायची नाही, हे आमचे जुने शिकवणारेसुद्धा बजावून सांगत. दुकानदार साखळी विकतो, मनगट विकत नाही.

चहाबिस्कीट

काका, आज नवीन पिल्लू आणलंत तर काय घ्याल?

पासष्टी पार (सातारा)

आणलंय की. सुनेने हार्नेस घेतलाय. नातू कुत्र्याला फिरवतो असं घरात म्हणतात, प्रत्यक्षात कोण कुणाला फिरवतं ते गल्लीला माहीत आहे. साखळी खुंटीला आहे, ती तिथेच राहील.

नेकारकाठी (श्टुटगार्ट)

आमच्याकडे हा वाद कायद्यानेच मिटवलाय. जर्मनीत विजेचा झटका देणारा पट्टा वापरता येत नाही आणि १ जानेवारी २०२२ पासून शिकवताना काट्यांचा पट्टाही चालत नाही. वेल्समध्ये विजेचे पट्टे २०१० पासूनच बंद आहेत.

इथे पिल्लांच्या वर्गात पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईंनी आमचा हार्नेस उचलून बघितला आणि परत हातात दिला. छातीवर आडवी पट्टी होती, पुढचा पाय टाकताना नेमकी खांद्यावर येणारी. त्यांना वाय आकाराचा हवा होता: गळ्याखालून दोन पट्ट्या येऊन छातीच्या हाडावर मिळतात, मग एक पट्टी पुढच्या पायांच्या मधून मागे जाते. खांदे मोकळे राहतात. मागचा पट्टा काखेपासून दोन-तीन बोटं लांब हवा, नाहीतर काखेत घासून केस जातात.

शिवाय पाच मीटरची लांब दोरी, मोकळ्या कुरणात. ती फक्त हार्नेसला लावायची, गळ्याला कधीच नाही. पाच मीटर धावून वेग घेतलेलं कुत्रं दोरी संपल्यावर मानेवर थांबलं तर काय होईल याचा विचार करा. आणि हातमोजे घाला. माझ्या तळव्यावर अजून वळ आहे.

डोंगरवाट

काट्यांच्या पट्ट्यावरून आठवलं. हिमाचलात गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा प्रत्यक्ष बघितलाय. बिबट्या मान धरतो म्हणून. पण ते काटे बाहेरच्या बाजूला असतात. आपल्याकडे दुकानात मिळतो त्याचे आत. ट्रेनरने दंडाला लावून दाखवला म्हणता, तर दंडाने खार बघून उडी नाही मारली ना?

लिफ्टमधली चंपी (मुंबई)

चंपी इंडी, म्हणजे आपली देशी, सात महिन्यांची, अंगात स्प्रिंग. आम्ही हेड हॉल्टर घेतला, म्हणजे नाकाभोवती एक पट्टी आणि कानांमागे एक, दोरी हनुवटीखाली. डोकं वळलं की अंग वळतं, त्यामुळे खरंच दोन बोटांनी कुत्रं चालतं. माझ्या सासूबाईही तिला नेऊ लागल्या.

पण दोन गोष्टी. पहिली, लोकांना ते मुसकं वाटतं. लिफ्टमध्ये एक काकू रोज विचारायच्या, "चावते का हो?" मी रोज सांगायचे, हिचं तोंड उघडं आहे, ही आत्ता बिस्कीट खातेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "चावते का हो?" शेवटी चंपीने त्यांचा हात चाटून विषय संपवला.

दुसरी गोष्ट गंभीर. हॉल्टरवर झटका द्यायचा नाही आणि लांब दोरी लावायची नाही, मान पिरगळते. सवयही हळू लावावी लागते. आधी नुसती नाकपट्टी हातात धरून तिच्यामधून पनीरचा तुकडा दिला, तिने स्वतःहून नाक घातलं की शाबासकी. बक्कल बरंच नंतर. ज्यांनी पहिल्याच दिवशी घालून थेट रस्त्यावर नेलं त्यांची कुत्री फुटपाथवर तोंड घासत लोळताना बघितली आहेत.

मांडवीपलीकडे (गोवा)

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. चामड्याला जूनमध्येच बुरशी. जाड अस्तराचा नायलॉनचा हार्नेस दोन दिवस वाळत नाही, ओलाच घातला की काखेत लाल चट्टे. स्वस्तातल्या कड्या गंजतात, आणि गंजलेला हूक ऐन वेळी उघडतो. आम्ही प्लॅस्टिकचा लेप असलेल्या पट्ट्यावर आलो. पुसला की झालं. हार्नेस अस्तर नसलेला, दोन आलटून पालटून.

गोदाकाठची आजी (नाशिक)

खारूताई, अगं हार्नेस घे, पण कडी पाठीवर आहे की छातीवर ते बघ. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात, का? सगळ्या अंगाने ओढता यावं म्हणून. पाठीवरच्या कडीला दोरी लावली तर तुझा बंड्या गळा न दुखता आणखी जोरात ओढेल. छातीवरच्या कडीला लावली तर ओढताच तो तुझ्याकडे वळतो. आमच्या काजूच्या हार्नेसला दोन्हीकडे कड्या आहेत. रस्त्यावर छातीची, मैदानात पाठीची.

आणि वळला की पुढे काय, तेच खरं काम. आम्ही जिन्यात सुरुवात केली, रस्त्यावर नाही. रस्त्यावर वास, मांजरं, भेळवाला, तिथे त्याला मी दिसतच नव्हते. जिन्यात मी एकटीच. डाव्या मांडीला हात चिकटवून उकडलेल्या चिकनचा कण धरायचा, तो तिथे आला की द्यायचा, पाऊल टाकायचं, परत द्यायचा. दोरी ताणली की मी जागच्या जागी उभी. बोलायचं नाही, ओढायचं नाही. तो मागे वळून बघतो, दोरी सैल होते, त्याच क्षणी चालायला लागायचं. पहिले काही दिवस आम्ही फाटकापर्यंत पोचायला इतका वेळ लावायचो की वॉचमन खुर्ची आणून द्यायचा.

हुंगू मात्र देते. नीट चालला की मीच म्हणते, "जा, हुंग," आणि त्या खांबापाशी हवा तेवढा वेळ. त्याला तिथेच जायचं असतं, मग तेच बक्षीस. घरात सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. आमचे हे सकाळी ओढू द्यायचे आणि संध्याकाळी मी उभी राहायचे. काजूने यांचा स्वभाव ओळखला, माझा नाही.

खारूताई (पुणे)

सगळ्यांचे आभार. लसटोचक, बंड्याला दाखवून आणलं, घसा स्वच्छ आहे, आवाज पट्ट्याचाच होता. वाय आकाराचा, पुढे-मागे दोन्ही कड्यांचा हार्नेस घेतला. माप घेताना तो टेप खायला बघत होता, म्हणून आधी सुतळीने छातीचा घेर घेतला आणि मग सुतळी मोजली. (नवऱ्याची सुतळी कामाला आली, हे त्याला कळू देणार नाही.) पट्ट्याखाली दोन बोटं जातात. वाढतं अंग असल्याने दर रविवारी बघणार आहे.

ओढतो अजून. पण जिन्यात नाही. मांजर आडवं आलं तर काय करता, तेही लिहा.

नेकारकाठी (श्टुटगार्ट)

मांजर दिसायच्या आत, म्हणजे त्याचे कान पुढे झाले की लगेच, उलटं वळून हाक मारायची. उडी सुरू झाल्यावर उशीर होतो.

बीगलची मावशी (पुणे)

ताई, आमचा लहान मापाचा हार्नेस आता होत नाही. छाती ४५ ते ५८ सेंटीमीटर, वाय आकाराचा, एका पट्टीवर दातांच्या खुणा आहेत पण शिवण पक्की. बंड्याला होणार नाही, दुसऱ्या कुणाला हवा असेल तर कोथरूडमधून घेऊन जा. पैसे नकोत.