मदत हवी आहे: एलिमेंटरीचे नेमके कोणते एपिसोड बघू?

बीबीसीचा शेरलॉक बघून झालाय, सगळ्यात भारी वाटलं ते मूळ कथांचं नवं रूप, म्हणजे 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनच्या घड्याळावरून त्याच्या दारुड्या भावाचं ओळखतो, तेच इथे मोबाइलच्या चार्जिंगच्या जागेभोवतीच्या ओरखड्यांवरून, आणि भाऊ नाही तर बहीण निघते! आता एलिमेंटरी, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या आजच्या होम्सवरची मालिका, तिचा पहिला सीझन संपवलाय, पण एकूण 7 सीझन, 154 एपिसोड, एवढा वेळ खरंच नाहीये. नेटवरच्या याद्या चाळल्या, सगळ्या 'बेस्ट एपिसोड'च्याच. चौथ्या सीझनमधला, 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या होम्स कादंबरीवरचा 'हाउंडेड' तेवढा माहितीये. जेरेमी ब्रेटची जुनी होम्स मालिका पाहिलीये, ती सुचवू नका आणि स्पॉयलर प्लीज नको. तर मूळ कथेतलं कोडंच आजच्या काळात आणलंय असे एपिसोड कोणते, आणि थेट तेवढेच बघितले तर होम्स आणि जोन (इथली वॉटसन) यांच्यामधलं काही कळेनासं होईल का?