खरे वजन तिसऱ्या वर्षी असते

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये व्यावसायिक संघ शाळा-कॉलेजांतील खेळाडूंना फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात आणि करारासाठी रक्कम देऊ करतात. ‘शाळेतून निवड झाली की पैसे घेऊन मोकळे व्हावे, कॉलेजात खांदा दुखावला तर हाती काहीच उरत नाही’ हे मत मला अर्धेच पटते. गेरिट कोल या खेळाडूने २००८ साली यांकीज संघाची पहिल्या फेरीतील निवड नाकारून यूसीएलए हे विद्यापीठ गाठले आणि २०११ मध्ये पायरेट्स संघाने त्याला सर्वांत आधी निवडून ८० लाख डॉलर दिले. मात्र चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला खेळाडू साधारणपणे तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविसाव्या वर्षी पुन्हा निवडीसाठी पात्र ठरतो आणि त्याच्या शब्दाला खरे वजन तेव्हाच असते, कारण ‘रक्कम पटली नाही तर चौथ्या वर्षासाठी परत जातो’ असे तो सांगू शकतो. पहिल्या १० फेऱ्यांत खेळाडूने करार केला नाही, तर त्या निवडीची ठरलेली रक्कम निवडलेल्या खेळाडूंना द्यायच्या संघाच्या निधीतूनच वजा होते, त्यामुळे संघालाही नकार परवडत नाही. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूकडे ही वाट नसते. त्याला अनेकदा काही हजार डॉलरांवर सही करावी लागते आणि त्यातून वाचलेला पैसा एखाद्या शाळकरी पिचरकडे (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूकडे) वळवला जातो. चार वर्षे मैदानावर राबलेल्या मुलावर हा उघड अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.