अनुभव धागा: कपड्यांवरून तुम्हाला कधी दारात अडवलंय का?

रानजाई: काल भाचीला एका देवळाच्या दारात अडवलं. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक होता. दीड तास रांगेत उभी, आणि सांगितलं कधी, तर पार उंबऱ्याशी गेल्यावर. फोनवर रडत होती, आणि मला माझं दहावीचं वर्ष आठवलं. मलाही स्कर्टवरून असंच थांबवलं होतं. बाबांनी काही न बोलता गळ्यातलं उपरणं काढलं, माझ्या कमरेला गुंडाळलं, दोन गाठी मारल्या. जरीचा काठ पोटरीला टोचत होता. दर्शन आठवत नाही, तो काठ आठवतो. सिद्धिविनायक मंदिराने जानेवारी २०२५ मध्ये नियम निदान जाहीर तरी केला. जिथे पाटीच नाही तिथे पोरीने काय करायचं? लिहा तुमचेही, कुठल्याही धर्मस्थळाचे.

कोकणकडा: पुरुषांचं लिहिलं तर चालेल ना? वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात आम्हाला उघड्या अंगाने जावं लागतं. वडिलांची बायपास होऊन सहा महिने झालेले, छातीवर मधोमध व्रण. दोन बटणं काढली, परत लावली. म्हणाले, तू जाऊन ये, मी इथूनच हात जोडतो. मग मीही गेलो नाही.

सांजवात: अरेरे. काकांना नमस्कार सांगा. आमचे सासरे बायपासनंतर पोहायला जायलाच लाजतात, एवढे पट्टीचे पोहणारे!

निळीशाई: पोहण्यावरून आठवलं. मी हिजाब घालते. तलावावर पूर्ण अंगाचा पोशाख घालून गेले, नायलॉनचाच, नियमात बसणारा. रक्षक म्हणाला, असले कपडे चालणार नाहीत. सगळ्या बघतायत, मी पायरीवर तशीच उभी. एक मावशी पाण्यातूनच ओरडल्या, "अहो, नायलॉन आहे ना? मग उतरू द्या की तिला!" उतरले. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही गावांनी समुद्रकिनाऱ्यांवर अशाच पोशाखाला बंदी घातली होती. तिथल्या कोर्टाने एका गावाची बंदी स्थगित केली, ती बातमी वाचताना मला मावशीच आठवल्या. भाचीला अंग झाकलं नाही म्हणून अडवलं, मला झाकलं म्हणून.

सांजवात: मावशींना सलाम!! बाय द वे क्लोरीनने केस राठ होतात त्याचं काय करतेस गं? टोपी घालूनही माझा पार झाडू झालाय

निळीशाई: आधी साध्या पाण्याने केस भिजव, मग टोपी. खूप फरक पडतो.

घाटमाथा: मला नियम पटतो. अंघोळ केल्याशिवाय आपण घरच्या देवाला हात लावत नाही, मग देवळात अंगभर कपडे घातले तर बिघडलं कुठे? तिरुवनंतपुरमला पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला मुंडू नेसावं लागतं, मी आनंदाने नेसलो.

ओवी: घाटमाथा दादा, पण ठरवतं कोण? तुळजापूरला मे २०२३ मध्ये फलक लागले आणि त्याच दिवशी मागे घेतले. आणि शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आलं ते २०१६ च्या पाडव्याला. आमची आजी नऊवारीत, डोक्यावर पदर, तरी जन्मभर लांबूनच हात जोडत गेली. तिच्या कपड्यांत काय कमी होतं?

घाटमाथा: आजींचं वाचून गप्प झालो. यावर उत्तर नाही माझ्याकडे. पाटी मात्र रांगेच्या सुरुवातीलाच हवी, एवढं तरी मान्य?

ओवी: मान्य. कुकर झाला, येते नंतर.

कोकणकडा: बाबांना धागा वाचून दाखवला. विचारतायत, उपरणं बांधणारे ते गृहस्थ कसे आहेत?

रानजाई: गेले हो, चार वर्षं झाली. काकांनी विचारलं, फार बरं वाटलं.